एकच फुलपाखरू : टोकियोत वाढलं, ऑस्ट्रेलियात हरवलं

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ साली तिथल्या सर्वाधिक धोक्यातल्या २६ फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. त्यातलं एक नाव वेगळ्या कारणाने चर्चेत आलं. ऑस्ट्रेलियन फ्रिटिलरी नावाचं हे नारिंगी फुलपाखरू २००१ नंतर खात्रीने कुणालाच दिसलेलं नाही. बहुधा ते संपलं, असं आता तिथले बरेच अभ्यासक धरून चालतात.

ही बातमी टोकियोतल्या एखाद्या बाग करणाऱ्या आजींना दाखवली तर त्या गोंधळून जातील. याच जातीच्या काळ्या-नारिंगी काटेरी अळ्या त्यांच्या कुंडीतली पॅन्सीची रोपं दर वर्षी खाऊन टाकतात. आणि हिमाचल, उत्तराखंड किंवा उटीला उन्हाळी सुट्टीत जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांपैकी काहींच्या मोबाइलमध्येही, नाव माहीत नसताना, याचा फोटो असेल. कारण आपल्याकडे हेच फुलपाखरू ‘इंडियन फ्रिटिलरी’ म्हणून ओळखलं जातं.

एकच जात एका देशात कीड वाटावी इतकी होते आणि दुसऱ्या देशात शोधूनही सापडत नाही. याचं उत्तर फुलपाखरात कमी आणि त्याची अळी ज्या झाडावर जगते त्यात जास्त आहे.

आधी ओळख करून घेऊ

फ्रिटिलरी हे एका फुलपाखराचं नाव नसून एका गोतावळ्याचं आहे. नारिंगी पंख, त्यांवर काळे ठिपके आणि रेघा, आणि पुष्कळांच्या मागच्या पंखांच्या खालच्या बाजूला चांदीसारखे चमकणारे डाग, ही या मंडळींची साधारण खूण. युरोप, मध्य आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड कुरणांत यांच्या जाती भरपूर आहेत. आपलं इंडियन फ्रिटिलरी मात्र या कुटुंबातलं उष्ण प्रदेशाकडे सरकलेलं. शास्त्रीय नाव आर्गिनिस हायपरबियस. इथिओपियाच्या डोंगरांपासून हिमालय, निलगिरी, श्रीलंका, चीन, जपान, इंडोनेशिया, न्यू गिनी ते पूर्व ऑस्ट्रेलिया इतका याचा पसारा. सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांचा. हा तुकड्यांचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

हे फुलपाखरू ‘कुंचलपाद’ कुळातलं. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखडून लहान झालेले असतात आणि बसताना ती चारच पायांवर बसलेली दिसतात. त्या आखूड पायांना टाकाऊ समजू नका. मादी पानावर उतरते तेव्हा पायांनी पानाला टकटक करते आणि पायांवरच्या संवेदकांनी चव घेते. हे आपल्या अळीच्या खाण्याचं पान आहे की नाही, याचा निर्णय ती असा करते. माणसाला दहा हिरव्या रोपट्यांमध्ये फरक कळणार नाही, तिला एका स्पर्शात कळतो.

नर सहज ओळखू येतो. सगळा नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा, आणि मागच्या पंखांच्या कडेला काळी पट्टी, तिच्यात निळसर चंद्रकोरी. डोंगराच्या माथ्यावर किंवा एखाद्या उघड्या उंचवट्यावर तो जागा धरून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माद्यांची वाट पाहतो. मादी मात्र पाहणाऱ्याला फसवते.

मादीने घेतलेलं सोंग

मादीच्या पुढच्या पंखांची टोकं निळसर काळी असतात आणि त्या काळ्यात एक रुंद पांढरा पट्टा असतो. नर शेजारी नसेल तर ही त्याच जातीची मादी आहे असं नवख्याला पटणारच नाही. हा वेश तिने उचललाय तो ‘प्लेन टायगर’कडून, मराठीत ज्याला बिबळ्या कडवा म्हणतात. आपल्या माळावर, रेल्वेच्या कडेला, रुईच्या झुडपांभोवती संथपणे उडणारं हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. त्याची अळी रुईची पानं खाते, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, आणि ते विष पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला पुन्हा जात नाही. फ्रिटिलरीची मादी स्वतः विषारी नाही. पण पक्ष्याला तिच्यात बिबळ्या कडवा दिसतो आणि ती वाचते.

निरुपद्रवी प्राण्याने विषारी प्राण्याचं रूप घेण्याला ‘बेट्सचं अनुकरण’ म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलात वर्षानुवर्षं फुलपाखरं गोळा करून १८६२ साली ही कल्पना मांडली. यात एक अट असते. बाजारात खोट्या नोटा चालतात त्या खऱ्या नोटा जास्त असतात म्हणून. खोट्याच जास्त झाल्या तर दुकानदार प्रत्येक नोट उजेडात धरून पाहू लागेल. तसंच नकलाकार फुलपाखरं फार वाढली की पक्ष्यांना हा रंग पुन्हा रुचकर वाटू लागतो आणि सोंगाचा फायदा संपतो.

मग सोंग फक्त मादीनेच का घ्यावं? मादीच्या पोटात अंड्यांचं ओझं असतं, आणि अंडी घालायला तिला जमिनीलगत, गवतात, हळूहळू फिरत रोपटी शोधावी लागतात. म्हणजे खाल्लं जाण्याचा धोका तिला जास्त. नर वेगात उडतो, शिवाय इतर नरांना आणि माद्यांना तो नर म्हणून ओळखू येणं गरजेचं. त्याने वेश बदलला तर त्याचंच नुकसान.

इथे एक शंका चाणाक्ष वाचकाला येईल. जपानच्या मुख्य बेटांवर बिबळ्या कडवा राहत नाही, तो तिथे फक्त अगदी दक्षिणेच्या बेटांवर असतो. मग टोकियोतली मादी कुणाची नक्कल करते? कुणाचीच नाही. वेश वारशाने मिळालेला आहे, आणि उपयोग संपला म्हणून वारसा पुढच्याच पिढीत पुसला जात नाही. उलट दक्षिण भारतात पळणी डोंगरातल्या माद्या बऱ्याच अंशी नरासारख्या दिसतात, असं जुन्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय. म्हणजे एकाच जातीत कुठे सोंग पूर्ण आहे, कुठे अर्धवट, कुठे जवळपास नाहीच. जातीच्या आतही केवढा फरक असू शकतो याचा हा नमुना लक्षात ठेवा, वर्गीकरणाकडे वळलो की लागेल.

फुलपाखरू काहीही पितं, अळी एकच खाते

‘खाद्य वनस्पती’ ही या लेखातली सगळ्यात कामाची संज्ञा. फुलपाखराची अळी ज्या झाडाची पानं खाऊन वाढते ते झाड म्हणजे त्याची खाद्य वनस्पती. घरच्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर येणाऱ्या हिरव्या अळ्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या आंब्यावर किंवा जास्वंदीवर येत नाहीत. फुलपाखराच्या बहुतेक जातींच्या अळ्या अशाच निवडक असतात. प्रौढ फुलपाखरू मात्र घाणेरी, झेंडू, रानफुलं, जिथे मिळेल तिथे मध पितं. म्हणून बागेत नुसती फुलझाडं लावून फुलपाखरं ‘वाढत’ नाहीत, फक्त भेट देऊन जातात.

इंडियन फ्रिटिलरीची अळी व्हायोलेटच्या कुळातल्या रोपट्यांवर जगते. युनानी काढ्यातला बनफशा हाही एक व्हायोलेटच. हिवाळ्यात रोपवाटिकांत मिळणारी, माणसाच्या चेहऱ्यासारखी फुलं असलेली पॅन्सी हीसुद्धा व्हायोलेटच्याच प्रजातीतली, माणसाने संकर करून बनवलेली. रानातले व्हायोलेट मात्र दिसायला अगदी गरीब. वीतभर उंचीची, जमिनीलगत पानांचा झुबका असलेली, लहान जांभळी फुलं येणारी. हिमालयात, दक्षिणेच्या उंच डोंगरांत आणि थेट ऑस्ट्रेलियातही एक व्हायोलेट उगवतं, व्हायोला बेटोनिसिफोलिया नावाचं. त्याची पानं बाणाच्या टोकासारखी लांबट. ऑस्ट्रेलियातल्या फ्रिटिलरीचा सगळा संसार या एका रोपट्यावर होता.

मादी अंडी सुटी सुटी घालते, पानावर किंवा जवळच्या काडीकचऱ्यावर. अळी काळी, पाठीवरून नारिंगी पट्टा, अंगभर फांद्या फुटलेले काटे. दिसायला भयंकर, पण काट्यांत विष नाही आणि ते टोचतही नाहीत. एक रोपटं इतकं लहान असतं की मोठी झालेली अळी ते फस्त करून दुसऱ्याच्या शोधात जमिनीवरून चालत निघते. म्हणून एखाददुसरं व्हायोलेट असून भागत नाही. जवळजवळ, दाटीने, बरीच रोपं हवीत.

जपानात काय झालं

जपानात हे फुलपाखरू पूर्वी देशाच्या पश्चिम भागातच दिसायचं. १९८०च्या दशकापर्यंत त्याची हद्द साधारण ओसाका-क्योतोच्या आसपास संपत असे. तिथून ते पूर्वेला आणि उत्तरेला सरकत गेलं, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत टोकियोच्या उपनगरांत नेहमीचं झालं.

यामागे दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, हिवाळे सौम्य झाले. या जातीची अळी थंडीचे महिने अळी म्हणूनच काढते, त्यामुळे कडाक्याची थंडी हीच तिची सरहद्द होती. हवामान बदललं, शिवाय मोठ्या शहरांत काँक्रीटमुळे रात्री उबदार राहतात, आणि ही सरहद्द मागे हटली. दुसरी गोष्ट पॅन्सी. जपानात शरद ऋतूत लाखो घरांच्या दारात, स्टेशनांसमोर, शाळांच्या वाफ्यांत पॅन्सी लावतात आणि ती वसंतापर्यंत फुलत राहते. ज्या ऋतूत रानात हिरवं पान दुर्मीळ, त्याच ऋतूत माणसाने गल्लोगल्ली ताजी व्हायोलेटची पानं वाढून ठेवली. त्यात जपानात रानव्हायोलेटही पुष्कळ, फुटपाथच्या भेगांतसुद्धा उगवणारे. उन्हाळ्यात ते, हिवाळ्यात पॅन्सी. वर्षभराची सोय झाली आणि वर्षात चार-पाच पिढ्या होऊ लागल्या.

केवळ तापमानवाढीचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगणारे अर्धीच सांगतात असं मला वाटतं. ऊब वाढली आणि खायला काही नसतं तर फुलपाखरू तिथे आलं नसतं. पॅन्सी होती आणि थंडी पूर्वीसारखी राहिली असती तरी आलं नसतं.

ऑस्ट्रेलियात काय झालं

ऑस्ट्रेलियात या जातीचा मुक्काम फार अरुंद पट्ट्यात होता. क्वीन्सलँडच्या आग्नेय टोकापासून न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत, गिम्पी ते पोर्ट मॅक्वारी यांच्या दरम्यान. आणि त्या पट्ट्यातही सगळीकडे नाही. समुद्राजवळच्या सखल, पाणथळ, उघड्या गवताळ जागा, जिथे बाणाच्या पानांचं व्हायोलेट दाटीने येतं, तेवढ्याच.

नेमक्या याच जागा माणसाला हव्या होत्या. किनारी पाणथळ जमिनीत चर खणून पाणी काढलं की शेती आणि गुरांसाठी चांगली कुरणं मिळतात. पुढे किनाऱ्यालगत घरं आणि वस्त्या वाढल्या. जे तुकडे उरले त्यांत बाहेरून आलेली उंच गवतं माजली आणि जमिनीलगतचं व्हायोलेट त्यांच्या सावलीत गुदमरलं. कुठे आग चुकीच्या वेळी लागली, कुठे गुरांनी तुडवलं. एकच मोठा घाव कुणीच घातला नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांवरही आलं नाही.

याची एक बाजू सहज लक्षात येत नाही. तुकड्यातुकड्यांत राहणारी फुलपाखरं मुळातच कुठल्या ना कुठल्या तुकड्यातून अधूनमधून नाहीशी होत असतात. एखाद्या वर्षी दुष्काळ पडतो, आग लागते, आणि तिथली वसाहत संपते. मग शेजारच्या तुकड्यातून उडत आलेली एखादी गाभण मादी पुन्हा वसाहत सुरू करते. हे चक्र चालू राहायला शेजारी असावा लागतो. दहातले पाच तुकडे नष्ट झाले की उरलेले पाच एकमेकांपासून लांब पडतात, आणि त्यांना हातही न लावता तेही एकेक करून रिकामे होतात. म्हणूनच ‘अजून एवढी जागा तर शिल्लक आहे’ हा युक्तिवाद फसवा असतो. शिल्लक जागा किती यापेक्षा एका जागेतून दुसरीत पोचता येतं का, हे आधी विचारायला हवं.

‘मग तिकडच्या फ्रिटिलरीने शहरातली पॅन्सी का नाही धरली?’ पॅन्सीपर्यंत पोचायला आधी शहराच्या आसपास भरभक्कम संख्या लागते. पश्चिम जपानात ती होती, शहरांना लागून होती. ऑस्ट्रेलियात ती दलदलीच्या एकाकी तुकड्यांत विखुरलेली होती आणि कमीच होत चाललेली होती. शिवाय रोपवाटिकेतल्या रोपांवर अनेकदा अंतर्प्रवाही कीटकनाशक मारलेलं असतं. ते रोपाच्या रसात भिनतं, आणि असं पान खाणारी अळी मरते.

जात जिवंत आहे, मग हरवलं काय?

हा आक्षेप नेहमी येतो. जगभर हे फुलपाखरू भरपूर आहे. ऑस्ट्रेलियात नसलं तर नसलं.

उत्तरासाठी वर्गीकरणाच्या दोन पायऱ्या पुरेत. ‘जात’ म्हणजे ढोबळमानाने एकमेकांशी प्रजनन करू शकणाऱ्या जिवांचा समूह. एकाच जातीचे गट फार काळ एकमेकांपासून तुटून राहिले, आणि रंगात, आकारात, सवयींत वेगळे ओळखू येऊ लागले, की त्यांना ‘उपजात’ म्हणतात. शास्त्रीय नावाला तिसरा शब्द जोडतात. ऑस्ट्रेलियातली उपजात इनकॉन्स्टन्स. श्रीलंकेतली ताप्रोबाना. न्यू गिनीतली निउगिनी. दक्षिण भारतातल्या डोंगरांतल्यांना कॅस्टेट्सी आणि हायब्रिडा अशी नावं आहेत.

निलगिरीतलं फुलपाखरू उडत उडत हिमालयात जाणार नाही. मधे हजारो किलोमीटर त्याच्या अळीला खायला नाही. त्या डोंगरावरच्या हवेशी, तिथल्या व्हायोलेटशी, तिथल्या पक्ष्यांशी जुळवून घेत त्याने जे काही कमावलं ते फक्त तिथेच आहे. पळणीतल्या नरासारख्या दिसणाऱ्या माद्या संपल्या तर टोकियोतल्या लाखो माद्यांमधून त्या परत मिळणार नाहीत. ऑस्ट्रेलियातली उपजात समुद्रसपाटीच्या उष्ण दलदलीत राहणारी होती, आपल्याकडची थंड डोंगरांवरची. नाव एक असलं तरी ही अदलाबदल करता येणारी फुलपाखरं नव्हेत.

ऑस्ट्रेलियाचा कायदाही म्हणूनच उपजातीला स्वतंत्र संरक्षण देतो. ही उपजात तिथे अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

नाव सारखं का बदलतं?

इंटरनेटवर शोधलंत तर हेच फुलपाखरू कुठे आर्गिनिस हायपरबियस, कुठे आर्गिरियस हायपरबियस म्हणून सापडेल. जुन्या पुस्तकांत निफे असंही नाव दिसेल. हे शास्त्रज्ञांचं भांडण आहे असं वाटतं, पण त्यात थोडी शिस्त आहे.

निफेचा किस्सा सोपा. जिवांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीयसने १७६३ साली याला हायपरबियस म्हटलं आणि १७६७ साली त्यानेच पुन्हा निफे असं नाव दिलं. नियम असा की आधीचं नाव टिकतं. निफे बाद.

प्रजातीचा किस्सा जास्त गुंतागुंतीचा. नाव दोन शब्दांचं असतं, त्यातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा. इंडियन फ्रिटिलरी इतरांपेक्षा वेगळं दिसतं, मादीचं सोंग तर फारच वेगळं, म्हणून पूर्वी अनेकांनी त्याला एकट्याला आर्गिरियस या वेगळ्या प्रजातीत ठेवलं. पुढे जनुकांच्या तुलना सुरू झाल्या आणि लक्षात आलं की हे दिसायला निराळं असलं तरी आर्गिनिसच्याच फांदीवर बसलेलं आहे. २०१७ साली आलेल्या एका मोठ्या आनुवंशिक अभ्यासाने मोठ्या फ्रिटिलरींचे आर्गिनिस, फॅब्रिसियाना आणि स्पेयेरिया असे तीन गट पाडले. त्यात आपलं फुलपाखरू आर्गिनिसमध्ये राहिलं. मादीचा वेश हा उत्क्रांतीत लवकर बदलणारा भाग असतो, नातं ठरवायला तो भरवशाचा नाही, हा त्यातला धडा मला सगळ्यात आवडतो.

जपानातून आणून सोडलं तर?

कल्पना वेडगळ नाही, असे प्रयोग झालेले आहेत. ‘लार्ज ब्लू’ नावाचं निळं फुलपाखरू १९७९ साली ब्रिटनमधून नाहीसं झालं. नंतर स्वीडनमधून त्याच जातीच्या अळ्या आणून १९८३ पासून सोडल्या, आणि आज ते तिथे पुन्हा उडतं. पण त्याआधी फुलपाखरांचे अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी ते का संपलं हे शोधून काढलेलं होतं. या फुलपाखराची अळी एका ठरावीक जातीच्या लाल मुंग्यांच्या वारुळात वाढते. चराई थांबली, गवत काही सेंटीमीटर वाढलं, जमिनीला ऊन लागेना, ती गारठली आणि त्या मुंग्या निघून गेल्या. गंमत म्हणजे काही ठिकाणी फुलपाखरू वाचवण्यासाठीच कुंपण घालून गुरं अडवलेली होती.

फ्रिटिलरींनाही हेच लागू पडतं. व्हायोलेटला ऊन हवं. गवत कुणीच खाल्लं नाही, कुणीच कापलं नाही, कधी जळलंच नाही, तर व्हायोलेट झाकलं जातं. फार चरलं, तर तुडवलं जातं. इंग्लंडात ठरावीक वर्षांनी झाडं बुंध्यापाशी छाटून जंगलात उजेड येऊ द्यायची जुनी पद्धत बंद पडली आणि तिथल्या अनेक फ्रिटिलरी घसरणीला लागल्या. कास पठारावरच्या कुंपणाचा आणि गुरांचा वाद ज्यांनी ऐकलाय त्यांना हा पेच नवा नाही. ‘हात लावू नका’ म्हणजे संवर्धन, हे समीकरण गवताळ जागांना नीट बसत नाही.

त्यामुळे ऑस्ट्रेलियात परदेशी फुलपाखरं सोडण्याआधी व्हायोलेटचे दाट, एकमेकांजवळचे वाफे उभे करावे लागतील. नाहीतर सोडलेली पहिली पिढीच शेवटची ठरेल. आणि इतकं करून जे उडेल ते इनकॉन्स्टन्स नसेल.

वीस वर्षांत दिसलं नाही, म्हणजे संपलंच ना?

विलुप्त ठरवायची आंतरराष्ट्रीय अट कडक आहे. शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये, आणि योग्य जागी, योग्य ऋतूत पुरेसा शोध झालेला असला पाहिजे. कडकपणाला कारण आहे. एखादी जात मेली असं लवकर जाहीर केलं की तिच्या जागेचं संरक्षण सैल होतं, आणि तिथे थोडी शिल्लक असतीलच तर तीही जातात. अभ्यासक याला ‘रोमिओची चूक’ म्हणतात. ज्युलिएट मेली समजून रोमिओने विष घेतलं, आणि ती जागी झाली.

ऑस्ट्रेलियालाच याचा सुखद अनुभव आहे. लॉर्ड हाऊ बेटावरचा वीतभर लांबीचा काडीकिडा उंदरांनी संपवला असं दशकानुदशकं मानलं जात होतं. २००१ साली, म्हणजे फ्रिटिलरीची शेवटची खात्रीची नोंद झाली त्याच वर्षी, जवळच्या समुद्रातल्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या सुळक्यावर एका झुडपाखाली तो जिवंत सापडला. फ्रिटिलरीच्या बाबतीत इतकी आशा धरणं मला जरा कठीण वाटतं. काडीकिडा रात्री हिंडतो आणि निर्मनुष्य खडकावर होता. हे दिवसा उडणारं, भडक नारिंगी, दाट वस्तीच्या किनाऱ्यावरचं फुलपाखरू आहे. तरीही शोध चालू ठेवण्यात तोटा काहीच नाही. निदान व्हायोलेट कुठे उरलंय याचा नकाशा तरी तयार होतो.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात किंवा गोव्यात ठिपक्यांचं नारिंगी फुलपाखरू दिसलं की लोक ‘फ्रिटिलरी पाहिलं’ म्हणून फोटो टाकतात. ते बहुतेकदा ‘कॉमन लेपर्ड’ असतं. तांबटाच्या झाडावर त्याच्या अळ्या वाढतात. ते आकाराने लहान, त्याच्या मागच्या पंखांना निळसर चंद्रकोरींची काळी कड नसते आणि खालून चांदीचे डागही नसतात. पूर्वी त्यालाही फ्रिटिलरींच्या जवळ बसवायचे, आता त्याचा गट वेगळा मानतात. मादीबाबत घोटाळा आणखी मोठा. बिबळ्या कडवा, त्याचीच नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी आणि फ्रिटिलरीची मादी, तिघी लांबून सारख्या. खरा फरक पंख मिटल्यावर कळतो, म्हणून हिमालयात किंवा निलगिरीत फोटो काढाल तर खालच्या बाजूचाही काढा. आणि मादी जमिनीलगत घुटमळत असेल तर ती ज्या रोपट्यावर बसली त्याचाही. आयनॅचरलिस्टसारख्या, लोकांनी निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळांवर फुलपाखराचे फोटो ढिगाने आहेत, अंडी घातलेल्या पानांचे फार कमी.

आपल्या माळांवरही व्हायोलेटच्या कुळातलं एक रोपटं उगवतं, रतनपुरुष. एकच मोठी गुलाबी पाकळी खाली लोंबलेली, पावसाळ्यात गवतात सापडणारं. त्यावर वाढणारं फुलपाखरू म्हणजे ‘टॉनी कॉस्टर’, विटकरी रंगाचं, रमतगमत उडणारं, महाराष्ट्रात सगळीकडे दिसणारं. हे फुलपाखरू गेल्या काही दशकांत थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया असं सरकत २०१२ साली ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ पोचलं आणि तिथे स्थायिक झालं. तिथल्या माळांवर रतनपुरुष आधीपासून उगवत होतं.